पाहुण्या बोटींची झेरॉक्स

तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, माझ्यासमोर चहा पीत होता. बोटी परतल्या की नाही ते दाखवणारं, मीच लिहिलेलं अ‍ॅप मात्र सांगत होतं की तो समुद्रात आहे.

वादळी वाऱ्याचा इशारा होता. गुहागरकडची त्याची बोट आसऱ्याला रत्नागिरीत आली होती. त्याचा मोबाईल भिजून बंद पडलेला. तेवढ्यात मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात फोन वाजला. क्लार्क आंब्रेकाकांनी उचलला. पलीकडे तांडेलाची बायको.

"काका, अ‍ॅपवर ह्यांची बोट अजून लाल दिसतेय ओ, म्हणजे समुद्रातच! भावोजी शोधायला निघालेत, बोट सोडतायत!"

काकांनी जुनं रजिस्टर उघडलं. "अगो, आधी त्यांना थांबव! दहालाच लागली बोट. नवरा हितं चहा पितोय. घे, बोल."

दीर थांबला. मी मात्र कपाळाला हात लावला. हेच रजिस्टर बंद करा म्हणून मी महिनाभर काकांच्या मागे लागलो होतो.

"मी अ‍ॅपात 'परत आली'चं बटण दाबलं होतं हो," काका म्हणाले.

दाबलंच होतं. चूक माझी होती. कोडमध्ये स्थानिक बोटी मी 'क्लास' म्हणून लिहिल्या होत्या. क्लास म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचं एकच रजिस्टर. पाहुण्या, म्हणजे दुसऱ्या बंदरांतून आलेल्या बोटी घाईत 'स्ट्रक्ट' केल्या. स्ट्रक्ट कुणाला दिला की त्याच्या हाती झेरॉक्स पडते. काकांचं 'परत आली' त्या झेरॉक्सवर लिहिलं गेलं आणि कचऱ्यात गेलं. मूळ यादी लालच राहिली.

दोन्ही प्रकार माझ्या 'प्रोटोकॉल'मध्ये बसत होते. प्रोटोकॉल म्हणजे अटींची यादी: बोटीला नाव हवं, स्थिती बदलता यायला हवी. मूळ की झेरॉक्स, हे मी विचारलंच नव्हतं.

तिथेच लॅपटॉप उघडला. प्रोटोकॉलच्या नावापुढे 'एनीऑब्जेक्ट' हा एक शब्द टाकला. आता इथे फक्त क्लासला प्रवेश. कोड तपासणाऱ्या कंपायलरने लगेच पाहुण्या बोटी अडवल्या. त्याही क्लास केल्या. काकांनी पुन्हा बटण दाबलं. गुहागरला तांडेलाच्या बायकोच्या मोबाईलवर बोट हिरवी झाली.

"एका शब्दाचं काम?" काकांनी विचारलं.

"हो. आधीच टाकायला हवा होता."

काका हसले आणि माझ्यासाठीही चहा मागवला. त्यांनी माझं ऐकून रजिस्टर बंद केलं असतं तर तो दीर त्या वाऱ्यात बाहेर पडला असता. त्यांचे आभार कसे मानावेत, मला अजून कळलेलं नाही.

प्रोटोकॉल लिहिताना आता मी आधी विचार करतो, इथे झेरॉक्स चालेल का. आणि रत्नागिरीला गेलो की काकांसाठी एक कोरं रजिस्टर नेतो.