महिनाअखेरपर्यंत ड्रायव्हर

आमच्या साखर कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा. आधी बारीक सुरू व्हायचा, मग भरत जायचा, आणि शेवटी असा ओरडायचा की गोठ्यातली वासरं कान टवकारायची. आसपासच्या पाच गावांतल्या बायका त्याच्यावर भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या. आता कारखाना चालतो, पण भोंगा देत नाहीत. ज्याच्या त्याच्या खिशात घड्याळ आहे, मग भोंगा कशाला?

आम्ही चौघं त्या भोंग्यावर उठणारी माणसं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. रोज सकाळी दहाला कारखान्याच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर जमतो. तिथं किस्से साठत जातात. गाळप चालू असलं की कारखान्यामागं उसाचा भुसा साठतो ना, तसे. मुद्दाम कुणी रचत नाही, पण एक दिवस मान वर करून बघावं तर डोंगर!

चौघं म्हणजे किसनअण्णा, हा काट्यावर उसाच्या गाड्या वजन करायचा. सायमन, फिटर. मी तात्या, मिल हाऊसमधला ऑइलमन, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा. आणि रघुनाना, चेअरमनसाहेबांच्या जीपचा ड्रायव्हर.

नानानं रिटायर झाल्यावर एक पांढरी छोटी गाडी घेतली. दर रविवारी आम्हाला तिच्यात घालून कुठंतरी नेतो. कधी शेवगावला कुणाच्या लग्नाला, कधी नुसतंच धरणाकडं. यंदा मात्र एक घोर लागला होता. नानाचं लायसन महिनाअखेरीला संपत होतं, आणि नानाच्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं. गाडी सुटली तर काय, हे तो कधी बोलला नाही. पण चहा पितानासुद्धा किल्ली मुठीत धरून बसायचा.

*

पेन्शनसाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. पूर्वी साहेबासमोर उभं राहिलं की झालं. साहेब म्हणायचा, "काय अण्णा, बरं हाय ना?" तोच दाखला!

आता बँकेतल्या पोरीनं मोबाईल अण्णाच्या तोंडासमोर धरला. म्हणाली, "आजोबा, डोळे मिचकावा."

अण्णा ढिम्म.

"आजोबा, मिचकावा ना. त्याशिवाय तुम्ही जिवंत आहात हे मोबाईलला कळत नाही."

अण्णा डोळे ताणून बसलेला. मोबाईल तीनदा बंद पडला. मागं ही रांग! शेवटी अण्णा उभाच राहिला.

आता ह्यातली गोम सांगतो. काट्यावर कुणाला वजनात गडबड करून हवी असली, की गाडीवान लांबूनच डोळा मारायचा. काटेवाल्यानं उलट डोळा मारला की सौदा पक्का. अण्णानं सगळी नोकरी पापणी न हलवता केली. त्यावरून दोनदा बदली झाली, पण पापणी हलली नाही.

अण्णा म्हणाला, "पोरी, चेअरमनच्या मेव्हण्याला मी डोळा मारला न्हाई. आता म्हातारपणी ह्या मोबाईलला मारू व्हय?"

पोरगी बिचारी गोंधळली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, एक नाही, दोन्ही डोळे मिटायचेत."

अण्णानं जरा विचार केला. "दोन्ही? मग चालतंय!"

*

त्याच बँकेत पासबुक छापायचं एक मशीन आहे. ते एक दिवस अडलं. चिठ्ठी लावली होती, 'मशीन बंद आहे'. लोक चिठ्ठी वाचून परत जात होते.

आमच्या सायमनला लिहिलेलं दिसत नाही, फक्त मशीन दिसतं. तो गेला आणि मशीनला कान लावून उभा राहिला. वॉचमन धावत आला. "ओ बाबा, काय करताय?"

"गप. आवाज ऐकतोय."

"काय म्हणतंय मग?"

"रोलर घासतोय म्हणतंय."

सायमनच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर कायम. रविवारी चर्चला जातानासुद्धा असतो. बायको विचारते, "देवाघरी ह्याचं काय काम?" तर म्हणतो, "पंखा कुरकुरतो तिथला."

वॉचमन मॅनेजरला बोलवायला आत गेला. मॅनेजर येईपर्यंत मशीन धडाधड छापायला लागलेलं, आणि सायमनसमोर लोकांची ओळ! मॅनेजर आधी तापला, मग जरा थंड झाला. म्हणाला, "अहो, आमचा इंजिनिअर कंपनीकडून सोमवारी येणार होता."

सायमन हात पुसत म्हणाला, "येऊ द्या की. त्येला म्हनावं, हात लावू नको!"

*

नगरच्या रस्त्याला टोलनाका आहे. नानाच्या मुलानं गाडीच्या काचेवर टॅग चिकटवून दिला होता. गाडी जवळ गेली की दांडी आपोआप वर होते.

दांडी वर झाली. नाना हलेना.

मागं ट्रक. ट्रकच्या मागं बस. सगळ्यांचे हॉर्न. अण्णा म्हणाला, "आरं नाना, चल की!"

"माणूस कुठाय?"

"कसला माणूस?"

"हात वर करनारा."

आमच्या कारखान्याचा नियमच होता. गेट उघडं असलं तरी वॉचमननं हात वर केल्याशिवाय गाडी हलवायची नाही. जीपमध्ये खुद्द चेअरमन बसलेले असले तरी! नानानं तो नियम एकदाही मोडला नव्हता.

शेवटी टोलवरचा माणूस धावत आला. "काका, काय प्रॉब्लेम झाला?"

सायमननं मागच्या काचेतून डोकं बाहेर काढलं. "प्रॉब्लेम काय न्हाई. तुमी फकस्त हात वर करा."

त्या माणसानं बुचकळ्यात पडून हात वर केला. नानानं त्याला सलाम ठोकला आणि गाडी काढली. पुढं दोन किलोमीटर गेल्यावर म्हणाला, "चांगला मानूस हुता. डूटी कळती त्येला."

*

एक माझाही सांगतो. मी बोलण्यात मंद. मिल हाऊसमध्ये त्याचं काही अडलं नाही. तिथं यंत्रांचा आवाज एवढा, की कुणीच तोंडानं बोलायचं नाही. सगळं हातानं. मूठ तोंडाजवळ नेली की 'जेवलास का?' दोन बोटं खांद्याला लावली की 'साहेब आला'. छातीवर पंजा ठेवून जरासा दाबला की 'घरी सगळं बरं आहे ना?'

नात पुण्याला असते, सई. चौथीत आहे. व्हिडिओ कॉल लावते. आमची मंडळी फोन हातातून घेते आणि बोलत सुटते. माझ्या वाट्याला येईपर्यंत मला काही सुचत नाही. "बरी हायेस ना? अभ्यास कर," एवढंच. मग ती तिकडं गप्प, मी इकडं गप्प.

एकदा फोनमधला आवाजच गेला. चित्र दिसतंय, सईचे ओठ हलतायत, आवाज नाही. मंडळी ओरडायला लागली, "हॅलो! हॅलो!" माझा हात आपोआप वर गेला. मूठ तोंडाजवळ नेली.

पोरीनं बघितलं. मान हलवली. पोटावरून हात फिरवला. जेवली होती!

मी छातीवर पंजा ठेवला. तिनंही ठेवला. त्या दिवशी आम्ही अर्धा तास बोललो. एवढा मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो.

आता दर रविवारी फोन येतो. आधी आजीशी बोलणं होतं. मग सई म्हणते, "आजोबा, थांबा हं. आवाज बंद करते, मग आपण बोलू!"

*

लायसनच्या फॉर्मवर डॉक्टरची सही लागते. नाना एकटा जायला तयार नव्हता, म्हणून श्रीरामपूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं आम्ही चौघंही गेलो. रिक्षानं, डोळ्यांत औषध घालणार होते म्हणून. नानाला रिक्षात बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तो पायानं सारखा ब्रेक दाबत होता.

डॉक्टरनं बराच वेळ तपासलं. चांगला माणूस होता, वाईट सांगायला अवघडत होता. म्हणाला, "आजोबा, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. मधलं दिसणं गेलंय. चष्म्यानं ते परत येणार नाही. ह्यावर मला सही करता येणार नाही."

नाना फॉर्मची घडी घालायला लागला. एक घडी, दोन घड्या, तीन घड्या.

ते किसनअण्णाला बघवलं नाही. तो पुढं सरकला, टेबलावर वाकला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं डोळा मारला! डॉक्टरला!

डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिला. मग आम्हाला म्हणाला, "ह्यांचेही तपासायचेत का?"

आम्ही सगळे हसलो. नानाही हसला. बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत मी ड्रायव्हर हाय." आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण चाळीस वर्षांची मैत्री, तोंड उघडत नाही.

*

महिना संपायला तीन दिवस होते. सायमनला शेळी घ्यायची होती, म्हणून घोडेगावच्या बाजाराला जायचं ठरलं. नाना धुतलेला शर्ट घालून आला. सोबत त्याची सून रंजना होती. ही दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग शिकून आली, लायसनही काढलं, पण नानानं तिच्या हातात किल्ली कधी दिली नव्हती. ती म्हणाली, "मला पण शेळ्या बघायच्यात." शेळ्या कुणाला बघायच्या होत्या? ती मागं सायमन आणि अण्णाच्या शेजारी बसली. मी पुढं, नानाच्या बाजूला.

नानानं गाडी सुरेख चालवली. गिअर कधी पडला ते कळू नये अशी. मला वाटलं, डॉक्टरचं काही चुकलं असेल.

एका ठिकाणी नानानं वेग कमी केला आणि दोनदा हॉर्न दिला. रस्ता मोकळा होता.

सायमन म्हणाला, "नाना, हॉर्न कुनाला?"

"चिंचेखाली रसवंती हाय. मानसं आडवी येत्यात."

चिंच रस्ता रुंद केला तेव्हाच तोडली. तिथं आता पेट्रोल पंप आहे. अण्णा मोठ्यानं हसला. "नाना, दोन गिलास रस सांग मग!"

पुढं पुलावर नानानं गाडी अगदी डावीकडून घेतली, पहिल्या गिअरवर. "उजव्या अंगाला खड्डा हाय," तो म्हणाला.

पूल नवा आहे. कागदासारखा सपाट. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मी समोर बघत होतो. नाना मात्र रस्ता बघत नव्हता. आठवत होता.

पूल उतरल्यावर त्यानं वेग वाढवला. समोर उसाची बैलगाडी चालली होती. वर मोळ्यांवर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसलेली. गाडीला मागून लाल फडकं बांधलेलं. मला वाटलं, आता नाना वेग कमी करील. आता करील.

मागून रंजना म्हणाली, "नाना, बैलगाडी!"

नानानं ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढं आपटलो. आमची गाडी थांबली तेव्हा मोळ्यांबाहेर लोंबणारी उसाची हिरवी वाढी काचेला घासत होती. वरची बाई वळून आमच्याकडं बघत होती. बैल चालतच राहिले.

नाना स्टिअरिंग धरून बसला होता. त्यानं मला विचारलं, अगदी हळू, "तात्या, तुला दिसली हुती का?"

मी मंद बोलतो. त्या दिवशी मला आणखीच वेळ लागला.

"व्हय नाना," मी म्हणालो. "लई लांबून."

त्यानं मान हलवली. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. किल्ली तिथंच राहू दिली. खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि रंजनाकडं बघत दार धरून उभा राहिला. ती उतरली. त्यानं पुढचं दार उघडून धरलं. ती स्टिअरिंगमागं बसली. तिनं पदर नीट खोचला आणि आरशाला हात लावला, तोवर तो थांबला.

मग नानानं दार लावून घेतलं, नीट लागलंय का ते एकदा दाबून बघितलं, आणि मागच्या मोकळ्या जागेवर न बसता रस्त्याच्या कडेनं बैलगाडीच्या मागं चालायला लागला.