लग्नाच्या भिंतीवरची काळी रेघ

बहिणीच्या लग्नासाठी झरीच्या आमच्या घराची दारालगतची भिंत चुन्यानं पोतारून तयार होती. तिच्यावर गणपती, दोन्ही बाजूंना पोपट, खाली नवरा-नवरीची नावं, अशी आमच्याकडची पद्धत. वडील गावभर सांगून बसले होते, "चितारी कशाला आणू? माझा पोरगा हैदराबादेत तेच शिकून आलाय!"

अहो, मी कसला शिकून आलो होतो? निजामाचं राज्य गेलं त्याच सुमारास मी माणसं, झाडं, देव काढणं सोडलं होतं. नुसते रंग आणि रेघा. गणपती काढायला घेतला तर सोंड काही केल्या वळेना, उंदराचं डुक्कर झालं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझं डोकं फिरलं. सगळ्यावर गेरू फासला आणि मधून काजळीची एक जाड, काळीकुट्ट रेघ ओढली. वर पुन्हा ऐट, की हेच खरं चित्र!

लग्नाच्या भिंतीवर काळं! आई मटकन खालीच बसली. पुसायला वेळ कुठला, ताडकळसचं वऱ्हाड वेशीत आलेलं. नवऱ्याच्या आईनं भिंत पाहिली आणि तिथंच थबकली.

"इवाई, हे काय हाय?"

आता बहिणीचं लग्न मोडतंय, या धास्तीनं मी वडिलांच्या मागं सरकलो. उभ्या जन्मात खोटं न बोललेले वडील खाली मान घालून म्हणाले, "आमच्या घरची रीत हाय, इहीणबाई. पोरीला दिष्ट लागू न्हाई म्हणून."

लग्न लागलं. त्यानंतर वडील माझ्याशी चित्राबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या दिराचं लग्न निघालं. आम्ही बापलेक ताडकळसला गेलो आणि दारालगतची भिंत दिसली. भिंतीवर गणपती होता, पोपट होते. शेजारी गेरूचा मोठा पट्टा, आणि त्याच्या मधून एक काळी रेघ, जरा थरथरती.

"म्याच वढली," बहिणीची सासू हरखून म्हणाली. "काळ्याला हात लावायला लय भ्याले बघा. पण सुनंच्या माहेरची रीत, मोडावी कशी? बरोबर जमलीय नं?"

दाराआडून बहीण माझ्याकडं एकटक बघत होती. वडील पायातल्या वहाणांकडं.

"जमलीय," मी म्हणालो आणि वाकून त्या माउलीच्या पाया पडलो. तोंड लपवायला तेवढीच जागा होती.