तांब्याचा गुंड आणि तीन कांदे

ड्रॉइंग टीचरच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते, तेही तैलचित्रात. 'तांबे विटेसारखे दिसते' असा शेरा होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सक्करदऱ्याच्या एका शाळेत मी तात्पुरत्या जागेवर होते आणि या खेपेलाही पास झाले नाही तर जूनमध्ये ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. घरी रंगवलेलं एक स्थिरचित्र मेअखेर जमा करायचं होतं.

नागपूरचं चित्र म्हटलं की लोकांना संत्री आठवतात. मे महिन्यात कुठली आलीत संत्री? मी बैठकीतल्या टेबलावर गेल्या वर्षीचाच पाणी भरायचा गुंड ठेवला, सासूबाईंचा, तांब्याचा, आणि शेजारी तीन कांदे. विषय बदल, असं सगळे सांगत होते. पण मी पहिल्यापासून हट्टी. गुंडाची जागा हलू नये म्हणून खाली खडूने गोल आखला.

सकाळी सात ते नऊ एवढाच उजेड कामाचा. पुढे खोली तापायची, घामाने ब्रश निसटायचा. काल जमलेला रंग आज खोटा वाटायचा, कालची चमक आज भलतीकडेच दिसायची. सुरीने खरवडायचं, पुन्हा लावायचं. पंधरा दिवस हेच. जवसाच्या तेलाचा वास केसांत, उशीत, पोळीत. एक कांदा सासूबाईंनी भाजीत घातला आणि त्या जागी दुसरा आणून ठेवला, तरी मी तोच रंगवत राहिले. इतकी थकले होते.

माझा राग होता तो घासण्यावर. सासूबाई रोज पहाटे गुंड मोरीवर न्यायच्या, चिंच लावून लख्ख करायच्या आणि खडूच्या गोलात परत ठेवायच्या.

"आई, चित्र होईपर्यंत घासू नका ना."

"काळा गुंड बैठकीत ठेवू का वं? आल्यागेल्यानं काय म्हणावं?"

सोळाव्या दिवशी पहाटेच उठले आणि चित्राकडे न बघता मोरीपाशी जाऊन बसले. म्हटलं, नको ती परीक्षा. सासूबाईंनी चिंचेचा गोळा माझ्या हातात दिला. रागारागाने घासता घासता गुंडाच्या पोटावर माझा हात खोल गेला. चांगला तळहाताएवढा पोचा. आणि मी दोन वर्षं हा गुंड गरगरीत गोल रंगवत होते.

"हा कधी पडला?"

"नवी नवरी होती मी तवा. माह्या हातून पडला गुंड. सासू महिनाभर बोलली नाही माह्याशी."

"मला कसा दिसला नाही?"

त्यांनी गुंडावर पाणी ओतलं. "भिंतीकडं करून ठेवत होती मी. परीक्षेले जाईन चित्र, तिथं चार लोक पाहतीन. घरातलं काहून दाखवाचं?"

रोज अंदाजाने फिरवलेला. कधी पोचा पुरता मागे, कधी अर्धा कडेला. म्हणून चमक जागा बदलत होती. हसावं की रडावं कळेना, शेवटी रडलेच. "गोल गुंडाची तर वीटच होते, आई. पोचा समोर येऊ द्या. आता माझ्यात त्राण नाही," म्हटलं. त्या गुंड घेऊन उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंड खडूच्या गोलात होता. घासलेला नव्हता, पाण्याचे डाग तसेच. पोचा नेमका माझ्या खुर्चीसमोर. चित्र होईपर्यंत सासूबाई बैठकीत आल्या नाहीत. कुणी आलं तर स्वयंपाकघरातच बसवायच्या.

मी काठावर पास झाले. चित्र परत आलं, भिंतीवर लागलं. "बरोबर आला पोचा," एवढंच त्या म्हणाल्या. मग गुंड नेला, चिंचेने घासला आणि चित्राखालीच ठेवला, पोचा भिंतीकडे करून.

सासूबाई वारल्यावर गुंड मी घासायला लागले. परवा घासून ठेवला, हात पुसले आणि मागे वळून पाहिलं, तर पोचा मीही भिंतीकडेच केला होता.