राव मामांचा मराठी शो

मंडळी, आज शरमेनं मान खाली गेली.

चेन्नईत मराठी सिनेमे लागत नाहीत म्हणून आमच्या मराठी ग्रुपवर सगळ्यात जास्त ओरडा माझाच. शेवटी तंजावरकडच्या राव मामांनी थिएटरवाल्यांच्या मागे लागून आज सकाळचा एक शो मिळवला.

"जमणार नाही" असं कळवून मी त्याच थिएटरात, सध्या कोट्यवधी कमावणारा हिंदी सिनेमा बघायला गेलो. इंटरव्हलला पॉपकॉर्नच्या रांगेत निम्मा ग्रुप भेटला. सगळेच ओशाळून हसलो.

लॉबीत मामा एकटेच बसले होते. प्रेक्षकच नाहीत म्हणून त्यांचा शो रद्द झाला होता. आम्हाला बघून ते लगबगीनं उठले.

"आलात सगळे? थांबा हं, मॅनेजरला सांगून येतो!"

त्यांना थांबवायला एकाचंही तोंड उघडलं नाही. तुमचं उघडलं असतं?