तारेवरचा झेंडूचा हार

दुपारी सुनेच्या कॉम्प्युटरजवळ आडवं झालं की मला लगेच डोळा लागतो. त्याच्या पेटीच्या काचेतनं निळा-जांभळा उजेड झिरपतो, आतले पंखे घुमतात, आणि वाटतं मी गिरणीतच बसलेय, अंगावर पीठ साचतंय. इथं अणदूरला आमची पिठाची गिरणी होती ना, याच खोलीत. आता इथं बसून सून लोकांच्या अजून न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. जिना, ओटा, खिडकीतलं ऊनसुद्धा! त्यासाठी आत जाडजूड ग्राफिक्स कार्ड लागतं म्हणे. सगळं तिनंच जोडलंय.

खंडेनवमीला तिनं मशीन बंद करून, काच काढून पुसून ठेवलं आणि आंघोळीला गेली. मी म्हटलं, गिरणीच्या मोटरीला आपण हार घालायचो, हिला का नको? हळदकुंकू लावलं. हार अडकवायला कार्डाला जाणारी जाड काळी तार बरी दिसली. लई शोभला. सून मला मामी म्हणते. ती हसली, "मामी, पोरीला नटवलंत व्हय!" संध्याकाळी हार उतरवून तिनं काच लावली.

दसऱ्यानंतर तिचं पहिलं मोठं काम द्यायचं होतं. ते पसंत पडलं तरच पुढची मिळणार होती. मशीन चित्र तयार करत होतं, मी बाजूला डुलक्या घेत होते. स्वप्नात गिरणीचा पट्टा फिरत होता, आणि वास आला. तार ढिली असली की प्लग तापून येतो, तो वास. मी स्विच ओढायला धावले, जागी झाले. गिरणी गेली, वास राहिला.

"बंद कर गं!"

"मामी, स्वप्न पडलं का? निम्मं झालंय, आता कसं बंद करू?"

"ते घर राहू दे, आपलं जळंल!"

तिनं बंद केलं, काच काढली. कार्डातली तार तिरकी बसलेली, नखाएवढी फट. गार झाल्यावर उपसली तर तिच्या प्लगच्या एका भोकाभोवतीचं प्लास्टिक गुळासारखं तांबूस झालेलं. कार्डाच्या पिना मात्र स्वच्छ. ती म्हणाली, "ही तार आता वापरायची न्हाय. चुकलं माझं."

गप्प बसता आलं असतं मला. पण म्हटलं, "तुझं न्हाय. म्या हार टांगला तिच्यावर."

तिनं तार उजेडात धरून बघितली. मग म्हणाली, "हारानं ओढली असंल. पण टक्क वाजंस्तोवर मीच दाबली नव्हती. नंतर बघितलीबी न्हाय."

काम देणाऱ्यांना तिनं फोन करून खरं ते सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "पाया खोदायला वेळ आहे. घाई करू नका."

सोलापूरहून नवी तार आली. तिनं दाबली. टक्क. मोबाईलचा उजेड पाडून म्हणाली, "मामी, फट दिसते का?" चष्मा लावून मी नीट बघितलं. नव्हती. हारातली उरलेली दोन फुलं मी टेबलावर ठेवली, लांब.

चित्र पुरं होत होतं. डोळा लागला तेव्हा कसलाच वास नव्हता. मी त्या न बांधलेल्या घराचा जिना चढत होते, आणि वरच्या खिडकीत ऊन होतं.