सरहद्दीवरची आत्या

हैदराबादेत राज्यशास्त्रात एम.ए. करत होतो, तेव्हा माझ्या प्रबंधाचा विषय होता सरहद्द आणि राज्यांची सुरक्षितता. युरोपातल्या नद्या, डोंगर आणि तह मला तोंडपाठ होते. दोन प्रकरणं घेऊन मी मोठ्या ऐटीत प्रोफेसरांकडे गेलो. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, “तुम्ही सरहद्द कधी पाहिलीत का?”

“नाही, सर.”

“तुम्ही परभणी जिल्ह्यातले ना? तुमच्या उत्तरेला परवापरवापर्यंत एक होती. जाऊन या.”

त्यांचं बरोबर होतं. जिंतूरच्या पलीकडे निजामाचं राज्य संपायचं आणि वऱ्हाड लागायचं. मधे करोडगिरीचा नाका होता आणि तिथे आत येणाऱ्या मालावर जकात घेत. विलीनीकरणानंतर नाका उठला आणि आता तर दोन्हीकडचा मुलूख एकाच राज्यात आला होता. विशेष म्हणजे माझी सख्खी आत्या त्याच नाक्याजवळच्या खेड्यात दिलेली होती. युरोप पालथा घालताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सुट्टीत वालूरला घरी आलो. वडिलांना म्हणालो, “आत्याकडं जातो. अभ्यासाचं काम आहे.”

“आक्काकडं अभ्यास?” वडील म्हणाले. “तिला तर सहीबी येत न्हाई.”

बसनं जिंतूर आणि तिथून बैलगाडीनं आत्याचं गाव गाठलं. नाक्याच्या खोलीत आता कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या होत्या. आडवा बांबू मात्र अजून एका बाजूला पडून होता. तिथला म्हातारा जमादार नोकरी संपल्यावर गावातच राहिला होता. आत्यानं त्याला बोलावून घेतलं, ओसरीवर घोंगडं टाकलं आणि स्वतः उंबऱ्यात बसली.

मी वही उघडली. “चाचा, सुरक्षिततेच्या दृष्टीनं या सरहद्दीला सगळ्यात मोठा धोका कोणता होता?”

जमादारानं दाढी खाजवली. “धोका? लग्नसराई!”

“म्हणजे?”

“लोक वऱ्हाडातून नवीन कपडा आणायचे. कुणी गवताच्या भाऱ्यात, कुणी घागरीत. आमी कुठं कुठं बघावं?”

आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग तिला राहवेना. “लेका, आता सांगायला काय हाय! तुज्या बापाच्या लग्नाला मी तीन नवी लुगडी आणली. एकावर एक नेसून. ह्या जमादाराच्या नाकासमोरून चालत आले, ह्याला पत्ता न्हाई! त्यातलंच हिरवं तुज्या मायला नेसवलं.”

म्हणजे राज्याच्या सुरक्षिततेला खिंडार आमच्याच घरानं पाडलं होतं. मी घाईघाईनं लिहायला लागलो. इतक्यात जमादार शांतपणे म्हणाला, “पत्ता होता, आक्का.”

आत्याचं हसू थांबलं.

“वैशाख होता. बाई घामानं निथळायलीय, आन् मला म्हणते, थंडी वाजून ताप आलाय. येवढं कळंना का मला?”

“मग धरलं का न्हाई?”

“नाक्यावर पाणी होतं का कुठं? तुमची सासू रोज घागर पाठवायची. जिचं पाणी प्यायचं, तिच्याच सुनेला अडवायचं?”

आत्याची पंचवीस वर्षं मनात जपलेली बहादुरी एका दमात गेली होती. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती एकदम कडाडली, “मग तवाच सांगायचं न्हाई व्हय? उगंच तीन लुगड्यांत शिजून निघाले मी!”

जमादाराला हसता हसता ठसका लागला. आत्यानंच उठून त्याला पाणी दिलं.

मी तिथे चार दिवस राहिलो. सरहद्दीवर पहारा देणारा माणूस शेजारच्या घरच्या पाण्यावर जगतो, हे मला एकाही तहात वाचायला मिळालं नव्हतं. परतल्यावर मी युरोपाचं एक प्रकरण काढून टाकलं आणि त्या जागी हे लिहिलं. निघताना आत्यानं बजावलं होतं, “माजं नाव घालू नको. अमीन येईल घरी.” अमीन म्हणजे निजामाच्या वेळचा फौजदार. ते राज्य जाऊन वर्षं झाली होती, पण तिची खात्री पटेना. म्हणून तिला मी ‘एक प्रवासी महिला’ केलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. “या महिलेच्या साक्षीवर विश्वास का ठेवायचा?”

“सर, ती माझी आत्या आहे,” मी बोलून गेलो.

प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला. परीक्षक मात्र खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, “सगळं सांगा बरं.” मी सगळं सांगितलं, वैशाखासकट. पुढचा अर्धा तास युरोपाचं नावही निघालं नाही, आणि मला पदवी मिळाली.

दिवाळीत आत्याकडे जाऊन ते पान मी दोघांना मराठीत करून वाचून दाखवलं. आत्या खूश झाली. जमादाराचा चेहरा मात्र उतरला.

“आक्का भ्याली म्हणून तिचं नाव न्हाई, ठीक हाय,” तो म्हणाला. “पण माजं का न्हाई घातलं? मी कुणाला भेतो?”

मी त्याची माफी मागितली.