चाकाखालचा कागद

हर्षलच्या हातून एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल, ही भीती सारिकाच्या मनात ठाण मांडून बसली होती. पोरगा भांडखोर नाही, दारूला शिवत नाही. धाडमध्ये रस्त्याला लागून त्याचं गॅरेज आहे, तिथून तो सरळ घरी येतो. शेजारणी तिला म्हणत, "तुमच्या हर्षलवानी पोरगं आमच्या पोटी काऊन नाही आलं?" सारिका हसून वेळ मारून नेई. शेजारणींनी त्याला पंख्याकडे बघताना पाहिलेलं नव्हतं.

लाईट गेली की पंखा काही लगेच थांबत नाही. आपल्याच नादात हळूहळू फिरत राहतो. तेवढा वेळ हर्षल वर बघत बसे. जेवत असला तर घास हातातच राही. एकदा त्याला तेवढाही धीर धरवला नाही. उठून त्यानं झाडूचा दांडा पात्यांत घातला, पंखा थांबवला, हात धुतले आणि पुन्हा ताटावर बसला. सारिकानं त्याच्या ताटात पोळी वाढली. विचारायचं काय? तिला कारण ठाऊक होतं.

त्याच्या वडिलांचं नाव कारभारी. ते धाड-बुलढाणा जीप चालवायचे. हर्षल नऊ वर्षांचा असताना कुणाची तरी हरभऱ्याची पोती आणायला ते शेताकडे गेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून पोरालाही पुढच्या सीटवर बसवून नेलं. नाला ओलांडताना जीप तिरपी झाली. पुढचं एक चाक दरडीवर चढलं, दुसरं अधांतरी राहिलं आणि गाडी कलंडली. पोरगं बाहेर फेकलं गेलं, त्याचं खरचटण्यावर निभावलं. शेजारच्या वावरातले लोक धावत आले तेव्हा कारभारी गाडीखाली होते आणि हर्षल त्या उलट्या जीपचं फिरतं चाक दोन्ही हातांनी धरून उभा होता. तळहाताची सालटी निघाली तरी सोडेना. चाक थांबलं की बाबा उठतील, असं त्याला वाटत होतं.

चाक थांबलं. कारभारी उठले नाहीत.

सारिका त्या नाल्यावर नव्हती. तिला हे लोकांनी सांगितलं. तरी इतकी वर्षं झाली, स्वयंपाक करताना, शिकवणीच्या पोरांना विज्ञान शिकवताना, मधेच ते चाक तिच्या डोळ्यांपुढे येई, आणि त्याला धरलेले दोन लहान हात.

ती बी. एस्सी. झालेली. पोरानं इंजिनिअर व्हावं, ही तिची इच्छा. पोरानं आयटीआय केलं आणि जब्बार मिस्त्रींच्या हाताखाली जीपच्या पोटाशी जाऊन झोपला. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं आणि एकाच कामात नाव मिळवलं. डोंगराच्या पायथ्याला ज्यांची शेतं आहेत असे शेतकरी, रविवारी हौसेनं दगडधोंड्यांतून जीप घालणारी मेहकरकडची पोरं, सगळे त्याच्याकडे येऊ लागले. गाडीचे जाड पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, काढून तो मऊ पाटे बसवी, ते टांगणारी शॅकलची कडी लांब करी, धक्के झेलणारे शॉकअप लांब घाली, ब्रेकचे पाईप ताणून तुटू नयेत म्हणून तेही लांबवी. जब्बारभाई कौतुकानं सांगत, "बाकी मिस्त्री गाडी वर उचलतात. हा चाक खाली सोडते." खड्डा कितीही खोल असो, चाक त्यात उतरलं पाहिजे आणि जमिनीला धरून राहिलं पाहिजे, एवढा एकच ध्यास.

तपासायची त्याची रीत निराळी होती. गॅरेजमागे काळ्या दगडांची चढण रचलेली. पुढचं एक चाक तो त्या चढणीवर चढवी आणि बाकीच्या तीन चाकांखाली जुन्या वर्तमानपत्राचा एकेक कागद घाली. मग उकिडवा बसून एकेक कागद ओढी. कागद फाटला तर चाकाचा भार जमिनीवर आहे. अख्खा निघून हातात आला, तर चाक अधांतरी. असा अख्खा कागद हातात आला की त्याचा चेहरा पांढराफटक पडे आणि गाडी पुन्हा खोलली जाई. पुढे पुढे हे वेड गॅरेजात मावेना. मावसबहिणीच्या लग्नात पंगतीचं टेबल जरासं डगडगलं, तर हा पत्रिका घेऊन टेबलाखाली! पाहुणे हसून हसून लोटपोट झाले. सारिका अर्धं ताट सोडून उठली.

गेल्या महिन्यात उकंडरावांची जीप आली. उकंडराव जुने, सज्जन शेतकरी. शेत डोंगराकडे आणि वाटेत तीन नाले. हर्षलनं पाटे, शॉकअप, सगळं बदललं. सारिका डबा घेऊन गेली तेव्हा गाडी चढणीवर होती आणि जब्बारभाई शेजारी उभे होते. दोन कागद फाटले. पुढच्या दुसऱ्या चाकाखालचा मात्र अख्खा निघाला.

पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा रॉड असतो. वळणावर गाडी कलू नये म्हणून तो असतो. पण एक चाक वर गेलं की तो दुसऱ्यालाही वर ओढतो. हर्षलनं पाना घेतला, रॉड काढला आणि कागद पुन्हा घातला. या वेळी तिन्ही फाटले. तो हसला. सारिकानं त्याला असं मोकळं हसताना किती दिवसांनी पाहिलं होतं!

जब्बारभाई मात्र हसले नाहीत. "बे हर्षल, नाल्यात तुही गाडी शेरनी हाय. पण डांबरीवर, वळणात ही झोपन. रॉड लाव."

"चाचा, रॉड लावला की कागद निघते."

"निघू दे ना बे! नाल्यातलं एक चाक गेलं वर, तर काय दुनिया बुडते का? नसंन पटत, तर रॉडले दोन्हीकडं पिना बसव. नाल्यात पिना काढल्या की रॉड मोकळा, डांबरी लागली की लावायच्या. उकंडरावले नीट समजावून सांग."

हर्षलनं मान डोलावली. "भाभी, तुम्ही साक्षीदार," जब्बारभाई जाताना म्हणाले.

आज धाडच्या बाजारात उकंडरावांच्या पत्नी कौशल्याबाई भेटल्या. भेंडीच्या ढिगाशी उभ्या राहूनच त्यांनी सारिकाचा हात धरला. "सारिकाताई, तुमच्या पोराच्या हातात जादू हाय हो! गाडी कशी झुलते, जसा पाळणा. लेकरं बसल्याबरोबर पेंगतात."

"वळणावर पण झुलते?"

"वळणावर तं लईच! नातू म्हणते, आजी, आबाले अजून एक वळण घ्यायले सांग." त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "उद्या मोताळ्याले जाऊन राह्यलो, लेकीच्या घरी. सून, चारही नातवंडं, आम्ही दोघं. सकाळीच निघतो. ऊन चढायच्या आत घाट उतरून जाऊ."

सारिकानं हातातली पिशवी खाली ठेवली. "अन् ती पिन लावता ना, डांबरीवर?"

"कायची पिन, माय?"

ती तशीच गॅरेजकडे गेली. आत पाऊल टाकताच तिला दिसला तो रॉड. भिंतीवर, खिळ्याला टांगलेला. त्यावरच्या ग्रीसला धूळ चिकटली होती.

हर्षल रॉकेलनं हात धूत होता.

"उकंडरावभाऊंना रॉडचं सांगितलंस का?"

"सांगीन."

"उद्या ते घाट उतरून राह्यले, हर्षल. लेकरं घेऊन."

त्याचे हात थांबले. "हळू चालवतात ते."

"आत्ता गाडी बोलाव. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मी लावला होता आई. दोनदा लावला, दोनदा काढला." तो भिंतीकडे बघत नव्हता. "बोल्ट आवळला की मले चाक दिसते. मी रॉड लावून दिला, अन् तिकडं नाल्यात ते चाक वर राह्यलं तं? तिथं धरायले मी नसतो ना."

आवाज सत्तावीस वर्षांच्या माणसाचा नव्हता. सारिकाला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण कौशल्याबाईंचा तो पेंगणारा नातू डोळ्यांपुढून हलेना.

"घाटात गाडी पडली तर चारही चाकं वर राहतील," ती म्हणाली.

हर्षल स्टुलावर बसला. धुतलेलेच हात फडक्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "माह्याकडून नाही होत. फोनही नाही होत. तू मले सांगू नको."

दोघं घरी आले. तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला. सारिकानं कुकर लावला, शिट्ट्या मोजायचं विसरली. जब्बारभाईंना सांगून परस्पर काम उरकावं, असं एकदा मनात आलं. पण गाडी उकंडरावांच्या दारात. त्यांना न कळता ती कशी आणायची? काहीतरी थाप मारावी, की घाटात दरड पडली आहे, उद्या जाऊ नका? मग परवा जातील. गाडीत काय कमी आहे, ते त्यांना कळायलाच हवं. आणि कळलं की गावालाही कळणार. उकंडरावांच्या पोटात काही राहत नाही. बाजारात लोक म्हणतील, आईनंच पोराच्या धंद्यावर पाणी ओतलं. रविवारची पोरं दुसरा मिस्त्री बघतील. हर्षलला हे एकच काम येतं आणि या एकाच कामावर तो उभा आहे. ते काढून घेतलं तर तो कशाला धरून राहील?

तिनं गॅस बंद केला आणि मोबाईल घेऊन ओसरीवर आली. त्याच्या पाठीमागे बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

"मी उकंडरावभाऊंना फोन लावते," ती म्हणाली. "तुझ्यासमोर लावते. काय झालं, काऊन झालं, सगळं खरं सांगते. तुझ्या बाबांचंही सांगते."

हर्षलनं मान वर केली नाही. पण उठूनही गेला नाही.

तिनं नंबर लावला. पलीकडे लेकरांचा कालवा चालला होता, कुणीतरी बॅगेसाठी भांडत होतं. त्या गोंधळातून उकंडरावांचा आवाज आला, "हां, बोला ताई."

"भाऊ, मी हर्षलची आई," सारिका म्हणाली. "उद्या त्या जीपनं घाटात जाऊ नका."